जीपच्या मागचा हूक



आमच्या जुन्या जीपला मागून हूक बसवून घेतला त्याला दोन उन्हाळे झाले. तेव्हापासून बरेच जण विचारायलेत, किती पडले, कुणाकडून करून घेतलं, आमच्या गाडीला बसंल का. फोनवर एवढं सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. जरा लांबलंय, पण ज्याला करायचंय त्यानं शेवटपर्यंत वाचावं. अर्धं वाचून वेल्डिंगवाल्याकडं पळू नये.

आधी गरज काय पडली ते. आमची वरली जमीन माळाची. बालाघाटचा माळ म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. वीतभर माती, खाली मुरूम, आणि मुरूम संपला की काळा दगड. तिथं सव्वा एकरात सीताफळाची ३०० झाडं लावली. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे झाड आपल्या डोंगरात कुणी न लावता उगवत आलंय. काटक झाड. तरी पण लावलेल्या रोपाला पहिले दोन उन्हाळे पाणी दिलंच पाहिजे, त्यानंतर ते आपलं आपण बघतं.

विहीर खाली ओढ्याकाठी, बाग वर, मधी दीड किलोमीटरची पाणंद. पाइपलाइन का नाही केली? तर मधी चौघांची शेतं, चारी खोदायची ती दगडातून, आणि वर लाइट नाही. ट्रॅक्टर आहे, पण तो दिवाळीपासून कारखान्यावर असतो. तो परत येईस्तोवर मार्च उजाडतो आणि कधी एप्रिल. तवर रोपं थांबत नसतात.

हिशोब साधा आहे. झाडाला आठवड्याला १५ लिटर धरलं, आणि आळ्यात पाचट अंथरलेलं असंल तर तेवढ्यात भागतं. ३०० झाडाला ४५०० लिटर. आमच्याकडं २०१६ च्या दुष्काळातली ५०० लिटरची टाकी आणि दोन चाकाची छोटी ट्रॉली पडून होती. तेच साल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. आम्ही त्या उन्हाळ्यात ह्याच टाकीनं जनावराला पाणी वाहिलं. म्हणजे आठवड्याला नऊ खेपा, एका दिवशी पाच आणि दुसऱ्या दिवशी चार. दारात फोर बाय फोर महिंद्रा ५४० उभी होती. तिला मागून हूक असला की काम झालं.

आता पुतण्याची गोष्ट सांगावी लागंल. तो पुण्याला नोकरीला आहे आणि त्याला जीपचा भारी नाद. त्यानं मोबाइलवर मला बंपर दाखवले. काळे, जाड पत्र्याचे, कडेला दोन मोठ्या कड्या, वर स्टेपनी टांगायला हात, मधी हूकला जागा. दिसायला एक नंबर. म्हणला, “काका, हे टाकू. जीप रानगव्यासारखी दिसंल.” मी म्हणलं, बाबा, दिसणं राहू दे, हे नुसतं लोखंड किती किलोचं आहे ते विचार. चाळीसच्या वर निघालं. मला पाणी ओढायचंय आणि हे चाळीस किलो रोज फुकट ओढायचे. वर आणखी एक गोष्ट होती, आणि ह्या सगळ्या लेखात तीच नीट कळायला पाहिजे.

बंपर ही मार खायची वस्तू आहे. मागून कोणी धडकलं तर आधी ते दबावं आणि गाडी वाचावी एवढ्यासाठी ते असतं. बऱ्याच गाड्यांत ते पत्र्याचं, नाहीतर प्लास्टिकचं, आणि दोनचार बारक्या बोल्टवर लटकलेलं. ओढायचं काम चेसीचं. सीटखालून पुढून मागं गेलेले ते दोन लांब चॅनेल, सगळा जोर त्यांच्यावर असतो. म्हणून हूक बंपरमधून बाहेर आलेला दिसला तरी त्याची मुळं चेसीत पाहिजेत. चढावर ट्रॉलीचा ओढा बंपरच्या बोल्टवर आला तर बंपर ट्रॉलीसंगं मागं राहील आणि तुम्ही एकटे वर पोचाल.

जीपसाठी हे काही नवीन नाही. लढाई संपल्यावर १९४५ मधी विलीस कंपनीनं अमेरिकेत सामान्य माणसासाठी जी जीप काढली ती तिथल्या शेतकऱ्याच्या डोळ्यापुढं ठेवूनच काढली होती. मागून ट्रॉली ओढायला दांडी, अवजार चालवायला मागून शाफ्ट, अशी सोय तिला होती. तीच विलीस पुढं महिंद्रानं मुंबईत जुळवायला सुरुवात केली आणि आपली ५४० त्याच घराण्यातली. लढाईतल्या जीपच्या मागं जो जबड्यासारखा हूक असायचा, त्याला पाव टनाची बारकी ट्रॉली लावत. पाव टन, म्हणजे साधारण अडीचशे किलो माल. रानातनं, खड्ड्याखुड्ड्यातनं न्यायचं तर तेवढंच धरायचे. आमची पाण्यानं भरलेली ट्रॉली ७०० किलोला जाते. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

धारूरच्या एका मिस्त्रीकडं गेलो. माणूस जुना, ट्रॉल्या बांधण्यात आयुष्य गेलेलं. त्यानं जीपखाली डोकं घातलं आणि म्हणला, “आण्णा, चेसीला डायरेक्ट वेल्डिंग मारतो. आपण मरू पण हूक हलायचा नाही.” मी म्हणलं, न हलण्याचीच भीती आहे. पाणंदीतून चालताना जीपची चेसी पिळत असती, एक चाक वर, एक खाली. ती पिळण्यासाठीच तशी बनवलेली. त्यात एका जागी जाड प्लेट वेल्ड करून टाकली की ती जागा कडक होते, आणि वेल्डिंगच्या कडेचं लोखंड तापून गार होताना त्याचा मूळचा गुण जातो. मग चीर पडते ती बरोबर त्या कडेला. चीर मातीखाली दिसत बी नाही. मिस्त्री हसला. म्हणला, “ट्रॉलीच्या चेश्या मी ह्याच कारणानं दरसाल जोडत असतो.” मग नीट बसून दोघांनी ठरवलं.

ठरलं ते असं. चेसीच्या दोन्ही चॅनेलला मागच्या टोकाला आतून-बाहेरून ८ एमएमच्या प्लेटा. दर बाजूला चार, असे आठ बोल्ट, १२ एमएमचे. दोन्ही प्लेटांच्या मधी आडवा जाड चौकोनी पाइप, आणि त्याच्या बरोबर मध्यावर दोन इंची चौकोनी खोबण. खोबणीत दांडी सरकवायची, १६ एमएमची आडवी पिन मारायची. दांडीच्या टोकाला दोन जबडे आणि ट्रॉलीच्या कडीसाठी २५ एमएमची उभी पिन. वेल्डिंग जे काही केलं ते ह्या नव्या लोखंडातच केलं, चेसीला आगीचा थेंब लागू दिला नाही.

बोल्टवर थोडं सांगतो, कारण इथंच लोक दहा रुपये वाचवतात. बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो. ८.८ लिहिलेला बोल्ट साध्या ४.६ च्या बोल्टपेक्षा ताकदीला दुप्पट. डोक्यावर काहीच लिहिलं नसंल तर तो बोल्ट गोठ्याच्या पत्र्याला वापरा. नट नायलॉनची कडी असलेले घ्या, धक्क्यानं सैल होत नाहीत. भोकं ड्रिलनं पाडा, गॅस कटरनं पाडलेलं भोक वाकडंतिकडं होतं आणि कडा जळते. आणि भोक चेसीच्या उभ्या भिंतीत पाडायचं. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत भोक पाडलं की चॅनेलचा कणाच दुबळा होतो. आधीची कंपनीची भोकं असतील तर पहिली ती वापरा. आमच्या जीपला आठपैकी चार भोकं तयार मिळाली.

ड्रिल लावायच्या आधी डिझेलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग कुठून गेलंय ते हातानं चाचपून बघा. वेल्डिंग जवळपास होणार असंल तर बॅटरीची तार काढून ठेवा.

उंचीचा प्रश्न पुढचा. हूक खाली ठेवला तर ट्रॉलीला बरं, पण ओढ्यातून वर चढताना जीपची शेपूट टेकते. आमच्या पाणंदीत दोन ओढे आहेत. मिस्त्रीनं पहिल्यांदा खडूनं खूण केली ती फार खाली होती. मी जीप तशीच ओढ्यापाशी नेली, शेपटीला एक लाकडी फळी बांधली आणि चढवून बघितली. फळी टेकली. मग हूक चार बोटं वर घेतला आणि ट्रॉलीची दांडी त्या मापाला वाकवून घेतली, म्हणजे दोन्ही जोडल्यावर ट्रॉली सपाट उभी राहते. फळीचा खर्च शून्य, आणि खडूची खूण पुसता येते. बोल्ट मारल्यावर काही पुसता येत नाही.

आता जे सांगतो ते म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे आणि पोरांना कुणी सांगितलं नाही.

बैलगाडी भरताना वडील एका हातानं जू उचलून बघायचे. जू झटक्यात वर आलं तर म्हणायचे, गाडी उलाळ झाली, माल पुढं घ्या. उचलताना कमरेत कळ आली तर गाडी धुरजड, माल मागं सारा. उलाळ गाडीत जू बैलाच्या मानेवरून वर उचलतं आणि गळ्याला जोताचा फास बसतो. धुरजड गाडीत बैलाची मान दबते. बरोबर गाडी ती, जी किंचित धुरजड. बैलाच्या मानेवर थोडं वजन पाहिजेच, त्याशिवाय त्याचे पाय जमिनीत रोवत नाहीत.

जीपला हेच लागू पडतं, अक्षरशः हेच. गाडीमागं ट्रॉली ओढताना बऱ्याच ठिकाणी ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हूकवर यावा असं धरतात. म्हणजे आमच्या ७०० किलोच्या ट्रॉलीचं हूकवर ७० किलो. त्यापेक्षा फार कमी असलं तर ट्रॉली मागं डुलायला लागते, आधी थोडं, मग वाढत वाढत, आणि डांबरी रस्त्यावर वेगात असाल तर जीपला धरून उलटवते. फार जास्त असलं तर जीपचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग लोण्यासारखं फिरतं.

आम्ही मोजलं कसं? घरी धान्याचा वजनकाटा आहे. ट्रॉली भरली, सपाट जागी घेतली, चाकाला दगड लावले, काट्यावर हूकच्या उंचीइतकं लाकूड ठेवलं आणि दांडी त्यावर टेकवली. ४० किलो आलं. टाकी चार इंच पुढं सरकवून पुन्हा टेकवली. असं तीन वेळा केल्यावर ६८ आलं, तिथं टाकीचे पट्टे आवळले. दुपार गेली पण काम पक्कं झालं.

पण टाकीत भरलंय पाणी. ज्वारीची पोती ठेवली तिथं राहतात, पाणी राहत नाही. ही खरी भानगड आहे. टाकी गच्च भरलेली असंल तर पाणी हलायला जागाच नसते. अर्धी झाली की चढावर सगळं पाणी मागच्या भिंतीला जाऊन बसतं. सपाटीवर धुरजड असलेली ट्रॉली चढावर उलाळ होते. म्हणजे जिथं जीपच्या मागच्या चाकाला वजनाची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तिथंच हूक वर उचलायला लागतो. चाकं मुरुमावर फिरायला लागतात, माणूस अजून ॲक्सिलेटर देतो, आणि मग जीप कडेला घसरते. लोक म्हणतात टायर गुळगुळीत झाले. टायर बिचारे चांगले असतात.

ह्यावर दोन उपाय. लोखंडी टाकी असंल तर आत आडवे पत्रे मारून घ्या, खाली-वर भोकं ठेवून. मोठ्या टँकरमधी असतात तसेच. आमची टाकी लोखंडाची होती, दोन पत्रे मारले. प्लास्टिकची गोल टाकी असंल तर ५०० ची एक घेण्यापेक्षा अडीचशेच्या दोन घ्या, एकामागं एक ठेवा. एक पूर्ण रिकामी केल्याशिवाय दुसरीचा नळ सोडू नका, आणि पहिली रिकामी करायची ती मागची. मागची संपली तरी पुढचीचं वजन हूककडं राहतं. उलटं केलं तर परत जाताना ट्रॉली उलाळ.

बाग वर आणि विहीर खाली असल्यामुळं भरलेली ट्रॉली चढते आणि रिकामी उतरते. हे नशीब. ज्यांचं पाणी वर आणि शेत खाली त्यांनी फार विचार करून हे काम करावं, कारण ओढण्यापेक्षा थांबवणं अवघड. दहाला एक असा उतार असंल तर ७०० किलोची ट्रॉली जीपला सत्तर किलोनं मागून रेटत असती. आमच्या पाणंदीत एक पट्टा सहाला एक आहे, तिथं तेच सव्वाशे किलोच्या आसपास जातं. आणि हे नुसतं उभं असताना. चालत्या गाडीचा ब्रेक दाबला की त्यावर आणखी भर. युरोपात साडेसातशे किलोपर्यंतच्या ट्रॉलीला तिचा स्वतःचा ब्रेक नसला तरी चालवू देतात, त्याच्यावर गेली की ब्रेक पाहिजेच. म्हणून मी ७०० ला थांबलो. पुतण्या म्हणत होता हजारची टाकी टाकू, खेपा निम्म्या होतील. जीप ओढंल हो. ओढण्याचा प्रश्नच नाही, लो गिअरमधी ती दोन टन ओढंल. तिला अडवणार कोण?

उतरताना आम्ही लो टाकून दुसऱ्या गिअरमधी उतरतो आणि ब्रेकला पाय फक्त लावलेला. ज्या गिअरमधी चढलो त्याच गिअरमधी उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारांना मी हात जोडतो.

पिनचं आता. धारूरच्या घाटात हंगामात उभं राहून बघा. उसानं भरलेले ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, अरुंद रस्ता, वळणं. त्या सगळ्या टनांना ट्रॅक्टरशी धरून ठेवणारी वस्तू एक हातभराची पिन असते. बऱ्याच जागी ती पिन नसतेच, कुठल्या तरी शाफ्टचा तुकडा असतो, नाहीतर बांधकामाची सळई, आणि खालून सटकू नये म्हणून तारेचा वेढा. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली माणसं कारखान्याला निघतात तेव्हा त्याच ट्रॉलीत संसार असतो. भांडी, शेळी, सरपण, आणि वर कोयत्याची जोडी लेकरं मांडीवर घेऊन बसलेली. चढावर असली पिन तुटली की मागची ट्रॉली माणसं घेऊन उलटी सुटते. मी हे एकदा बघितलंय, आमच्याच शिवारात. ट्रॉली सुदैवानं बांधाला जाऊन थडकली. तिच्यात त्या वेळी फक्त कडबा होता.

म्हणून आमच्या जीपला पिन खास बनवून घेतली, डोकं असलेली, खालून भोक आणि त्यात स्प्रिंगची कडी. आणि पिनबरोबर दोन साखळ्या. साखळ्या दांडीच्या खालून एकमेकींना छेद देऊन जीपच्या प्लेटांना अडकवायच्या. छेद देऊन ह्यासाठी की पिन निघाली तर दांडी खाली रस्त्यात न रुतता साखळीच्या झोळीत पडते. साखळीला ढील एवढीच ठेवायची की वळताना ताणू नये आणि जमिनीला घासू नये. सळईपेक्षा साखळी महाग नाही.

ह्याच्यावरून घरात एकदा बोलाचाली झाली. पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालताना घरची ट्रॉलीवर, टाकीपाशी बसायची, पाइप हातात धरून. झाडाजवळ थांबलं की तिथूनच पाणी सोडायचं, काम झटपट. मी म्हणलं, उद्यापासून ट्रॉलीवर बसायचं नाही. ती म्हणली, “अहो, बारा वर्षं ट्रॉलीत बसून कारखान्याला गेले, आता तुमच्या पाचशे लिटरला भिऊ व्हय?” त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या लग्नानंतरची बारा वर्षं आम्ही दोघांनी ऊस तोडलाय आणि तेव्हा कुणी साखळी बघितली नव्हती. मग मी पाइपच पंधरा फूट लांब आणला. आता ती रांगेतून चालत चालत पाणी घालते आणि जीप मी पुढं घेतो. वेळ थोडा जास्त लागतो. तिचं म्हणणं, हेच आधी आणायचं होतं, बसून बसून पाठ आखडत होती.

लाइट. ट्रॉलीला मागं लाल लाइट, ब्रेक लाइट आणि दोन्ही साइडचे इंडिकेटर, जीपकडून सात तारांच्या सॉकेटनं. त्याशिवाय मागं लाल आणि कडेला पिवळी चमकपट्टी. “आपण रात्री कुठं जातो” असं म्हणू नका. लाइट येतो रात्री, विहिरीवर मोटार चालते रात्री, मग पाणी भरणं होतं रात्री. पाणंद जिथं गावच्या रस्त्याला मिळते तिथं मोटारसायकलवाला सुसाट येतो.

मोटारसायकलवरूनच आठवलं. दांडी काढता येईल अशीच करा. हूक पक्का बाहेर आलेला ठेवला तर अंधारात उभ्या जीपच्या मागून जाणाऱ्याच्या नडगीला तो बरोबर लागतो, आणि मागून मोटारसायकल आली तर त्याच्या गुडघ्याला. आम्ही बागेतून खाली आलो की पिन काढतो आणि दांडी सीटखाली टाकतो. मागून बघणाराला फक्त चौकोनी भोक दिसतं.

कायद्याचंही बघून घ्या. गाडी कंपनीनं जशी दिली आणि पुस्तकात जशी लिहिली तशी ठेवायची, असं मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं सगळ्या राज्यांना कळवलं की गाडीला वरून बसवलेले बुलबार, क्रॅशगार्ड चालणार नाहीत, आणि जानेवारी २०१९ मधी सुप्रीम कोर्टानंही फेरबदलावर कडक निकाल दिला. पुतण्याचा रानगवा म्हणून बी नको होता. मूळचा बंपर आहे तसा ठेवलाय, पाइप त्याच्या मागं आणि खाली आहे. आमची जीप पंधरा वर्षांच्या वरची, दर पाच वर्षांनी पासिंग करावं लागतं. तुम्ही लोखंड घेण्याआधी तुमच्या आरटीओत जाऊन विचारा, बीडवाल्यांनी बीडला, अंबाजोगाईकडच्यांनी अंबाजोगाईला. आणि ट्रॉली ही कायद्याला वेगळी गाडी आहे. तिची वेगळी नोंदणी लागते, विमा लागतो. माझी ट्रॉली पाणंदीच्या बाहेर जात नाही. धान्य घेऊन आडतीला जायचं असंल तेव्हा मी ट्रॅक्टर नेतो, जीपमागची ट्रॉली नेत नाही.

मला स्वतःला कायद्याचं हे अर्धं पटतं. बंपरच्या शोभेवर बंदी घातली ते बरं केलं, समोरच्याचं हाड मोडतं त्यात. पण आपल्याकडं बारक्या शेतकऱ्याला जीपमागं लावायची पास केलेली, ब्रेकवाली छोटी ट्रॉली सहज मिळायला पाहिजे. तशी मिळाली असती तर मी मिस्त्रीच्या दारात चार दिवस बसलोच नसतो.

टोचन करणारांसाठी दोन ओळी. हूक बसला की गावातली प्रत्येक फसलेली गाडी तुमच्याकडं येते, हे धरून चाला. पावसाळ्यात काळ्या रानात तर रोज एक. सावकाश ताणून निघत असंल तर ओढा. झटका देऊ नका. झटक्यात वजनाच्या कितीतरी पट जोर येतो आणि दोर नाहीतर कडी तुटून गोफणीच्या दगडासारखी येते. दोराच्या मधोमध ओलं पोतं टाका, तुटला तर दोर कमी उडतो. आणि बघणारी पोरं दोराच्या लांबीच्या दुप्पट लांब उभी करा. आमच्याकडं पोरं जवळ उभी असली तर मी गाडीतून खाली उतरतो आणि ती हलंस्तोवर बिडी ओढत बसतो. (बिडी सोडलीय आता, नुसता बसतो.)

खर्च मी मुद्दाम लिहीत नाही. लोखंडाचा भाव रोज बदलतो, आणि मिस्त्रीनं ओळखीत जे घेतलं ते तुमच्याकडून घेईल असं नाही. एवढं सांगतो की पुण्याच्या नुसत्या बंपरच्या निम्म्याच्या आत सगळं झालं. त्यात पिन, साखळ्या, लाइट आणि टाकीतले दोन पत्रे आले.

३०० पैकी १९ रोपं मेली. सात हुमणीनं, बाकीची वरच्या कोपऱ्यात जिथं मातीच नाही तिथली. उरलेली यंदा कमरेएवढी झालीत. पुढच्या उन्हाळ्यात पाण्याच्या खेपा निम्म्यावर येतील असा अंदाज आहे. कृषी विभागातली जी मंडळी हे वाचत असतील त्यांनी तिसऱ्या वर्षी छाटणी कधी घ्यावी ते कळवावं, इथं दोघांनी दोन महिने सांगितलेत.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात सगळे बोल्ट पुन्हा आवळा, त्यानंतर महिन्याला एकदा. नव्या लोखंडाचा रंग दबतो आणि बोल्ट सैल पडतो. आमचा महिना परवा भरला. १९ नंबरचा पाना लागतो, तो शेजारच्या भाऊंनी मोटार काढायला नेलाय. संध्याकाळी जाऊन आणतो.